विश्लेषण : चारशे अश्वशक्तीच्या गाडीची मागची चाके का आपटतात? ‘व्हील हॉप’वर उपाय काय?

ड्रॅग शर्यतींच्या चित्रफितींत एक दृश्य हमखास दिसते. हिरवा दिवा लागतो, चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी झेप घेण्याऐवजी मागून धाडधाड आपटू लागते. चाके धड फिरत नाहीत आणि धड पकडही घेत नाहीत. चालकाने पाय वेळीच उचलला नाही तर खणकन आवाज येतो आणि गाडी ढकलत न्यावी लागते. या प्रकाराला ‘व्हील हॉप’ म्हणतात. २०१५ पासूनच्या फोर्ड मस्टँगमध्ये त्याची इतकी चर्चा झाली, की तो थांबवण्याचे सुटे भाग विकणारी एक बाजारपेठच अमेरिकेत उभी राहिली.

चाक उडते म्हणजे नेमके काय होते?

लोखंडी कपाट फरशीवरून सरकवताना ते सरळ सरकत नाही. अडते, सुटते, पुन्हा अडते आणि थडथडते. याचे कारण म्हणजे स्थिर वस्तूचे घर्षण घसरणाऱ्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असते. टायरचेही तेच होते. इंजिनाचा जोर आला की टायरची साइडवॉल पिळली जाते. मग चाकापर्यंत जोर नेणारा हाफ शाफ्ट पिळला जातो आणि सस्पेन्शनमधील रबरी बुश दबतात. या सगळ्यांत स्प्रिंगसारखी ऊर्जा साठते. टायर घसरला की ती एकदम सुटते, जोर क्षणभर कमी होतो, टायर पुन्हा रस्ता पकडतो आणि पिळण्याची क्रिया नव्याने सुरू होते.

एवढ्यावर थांबले असते तर फक्त थरथर जाणवली असती. पण चाक, ब्रेक, हब अशा स्प्रिंगच्या खाली असलेल्या वजनाची स्वतःची एक लय असते. मोटारींत ती साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा वर-खाली होण्याची असते. अडण्या-सुटण्याचा वेग या लयीशी जुळला की झोक्याला योग्य क्षणी धक्का मिळावा तसे होते आणि प्रत्येक आपटी आधीपेक्षा मोठी होते.

नुकसान होते ते चाक पुन्हा रस्ता पकडते त्या क्षणी. २०१५ च्या अमेरिकी मस्टँग जीटीचे इंजिन सुमारे ५४२ न्यूटन मीटर टॉर्क देते. मॅन्युअल गिअरबॉक्सचा पहिला गिअर (३.६६) आणि परफॉर्मन्स पॅकचा मागचा गिअर (३.७३) यांनी तो गुणला, तर तोटा सोडून मागच्या ॲक्सलवर सात हजार न्यूटन मीटरहून जास्त जोर येतो. हा जोर सलग आला तर भाग तो सोसतात. हातोड्याच्या घावांसारखा आला तर हाफ शाफ्ट, त्याचे सीव्ही जॉइंट किंवा डिफरन्शियल यांपैकी जे कमजोर असेल ते तुटते.

मस्टँगमध्येच हे इतके का गाजले?

१९६४ मध्ये आलेल्या पहिल्या मस्टँगला मागे एकसंध ॲक्सल आणि स्प्रिंगचे पाटे होते. जोर आला की पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा पिळायचा आणि चाक उडायचे. म्हणजे हा आजार जुनाच आहे. नंतर पाटे गेले, पण एकसंध ॲक्सल २०१४ पर्यंत टिकला. त्याला अपवाद होता १९९९ ते २००४ मधील एसव्हीटी कोब्रा या खास आवृत्तीचा. तिला दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलणारे मागचे सस्पेन्शन दिले होते, आणि व्हील हॉपने ते इतके बदनाम झाले की ड्रॅग शर्यतीसाठी अनेक मालकांनी ते काढून जुन्या पद्धतीचा ॲक्सल बसवला.

२०१५ मध्ये फोर्डने सगळ्याच मस्टँगना स्वतंत्र मागचे सस्पेन्शन दिले. वळणावर आणि खडबडीत रस्त्यावर गाडी कितीतरी सुधारली. पण या रचनेत डिफरन्शियल आणि सस्पेन्शनचे आर्म एका वेगळ्या सबफ्रेमवर बसतात आणि ती सबफ्रेम चार मोठ्या रबरी बुशांवर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. त्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. परिणामी पूर्ण जोर लागला की अख्खी सबफ्रेमच जागची हलते. तिच्याबरोबर चाकांचे कोन बदलतात आणि कपाटाच्या थडथडीला आणखी एक सैल सांधा मिळतो.

मग काय बदलायचे, आणि आधी काय?

बहुतेक जण इथेच चुकतात. गाडी आपटते म्हणून आधी महागडे शॉक ॲब्सॉर्बर किंवा रुंद टायर घेतले जातात. मूळ सांधे ढिले असतील तर जास्त पकडीचा टायर त्रास वाढवूही शकतो, कारण तो सुटण्याआधी जास्त ऊर्जा साठवतो. शॉक ॲब्सॉर्बर गळत असतील तर ते बदलावेच लागतात, पण ती दुरुस्ती झाली, सुधारणा नव्हे.

सुरुवात सबफ्रेमपासून करावी. बुशांतील पोकळ्या भरणारे आणि सबफ्रेम घट्ट धरणारे किट स्टीडा, बीएमआर यांसारख्या अमेरिकी कंपन्या विकतात. सबफ्रेमचे बोल्ट ज्या छिद्रांतून जातात ती थोडी मोठी असल्याने ती सरकून बसू शकते. ती नेमकी मध्यावर राहावी म्हणून वेगळ्या बाह्या मिळतात. शाफ्ट किंवा आर्मच्या तुलनेत हे काम स्वस्त आहे आणि बुश प्रेसने काढावे न लागणारी किटही आहेत. शर्यतीत न उतरणाऱ्या मालकाने इथेच थांबून आधी गाडी चालवून पाहावी.

त्यानंतर डिफरन्शियलचे बुश. ते मऊ असतील तर जोर आल्यावर डिफरन्शियल नाक वर करते. पुढची पायरी म्हणजे टो लिंक आणि चाकाच्या नकलला खालच्या आर्मशी जोडणारी उभी लिंक. त्यांच्या रबरी टोकांऐवजी गोलाकार बेअरिंग बसवले की चाकाची दिशा जोराखाली बदलत नाही. टो लिंकला हात लावला की व्हील अलाइनमेंट करावेच लागते, नाहीतर नवे टायर आतून झिजतात.

हाफ शाफ्ट शेवटी. इथे कॅडिलॅकचे उदाहरण बोलके आहे. २००४ ची सीटीएस-व्ही व्हील हॉपसाठी कुप्रसिद्ध होती. २००९ च्या नव्या सीटीएस-व्हीमध्ये जनरल मोटर्सने डावा आणि उजवा हाफ शाफ्ट वेगवेगळ्या जाडीचा दिला. दोन्ही बाजूंची पिळण्याची लय वेगळी झाली, त्यामुळे त्या एकमेकींना साथ देईनात. रबर कडक न करता साधलेला हा उपाय या सगळ्यांत हुशारीचा म्हणावा लागेल.

कंपनीने आधीच कडक बुश का दिले नाहीत?

कारण तोच मऊ बुश डिफरन्शियलची घरघर आणि टायरचा आवाज केबिनपर्यंत येऊ देत नाही. रोज ऑफिसला जाणारा ग्राहक आवाजाची तक्रार करतो. पाय पूर्ण दाबून सुटणारे ग्राहक थोडेच. २०१८ च्या मस्टँगमध्ये फोर्डने मागच्या सस्पेन्शनचा एक सांधा अधिक ताठ केला आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलले, तरी रबर काढले नाही. सबफ्रेमचे किट बसवल्यावर आवाज किंचित वाढतो. डिफरन्शियलला ॲल्युमिनियमचे बुश लावले तर गिअरची घरघर महामार्गावर सतत सोबतीला असते. मधला पर्याय पॉलियुरेथेनचा आहे. पण त्यातील हलत्या सांध्यांना ग्रीस लागते आणि ते वाळले की गाडी प्रत्येक गतिरोधकावर करकरते.

भारतातील मालकांनी काय पाहावे?

मस्टँग जीटी जुलै २०१६ मध्ये भारतात आली, दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ६५ लाख रुपये आणि ताकद ४०१ पीएस. त्या गाड्यांचे रबर आता दशकभराच्या आसपासचे आहे. आपल्याकडचे ऊन, पाऊस आणि खड्डे पाहता, आधी गाडी लिफ्टवर घेऊन बुशना भेगा आहेत का ते पाहिले पाहिजे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सुधारणेची किट परदेशातूनच मागवावी लागतात, त्यामुळे किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क धरावे.

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशील मूळ गाडीपेक्षा वेगळे होतील असे बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधोरेखित केले. बुश किती कडक आहे हे नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले नसते, पण सांगाडा कापून ॲक्सलची रचनाच बदलणे ही वेगळी गोष्ट ठरते. कोणताही बदल विमा कंपनीला लेखी कळवलेला बरा. अपघातानंतर सर्वेक्षक गाडीखाली वाकून पाहतोच.

आणि किट येईपर्यंतचा उपाय फुकट आहे. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवावा, टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवावी आणि पहिली आपटी जाणवताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. ‘अजून जोर दिला की सुटेल’ या आशेवरच बहुतेक शाफ्ट तुटतात.