मीटर निळा, घाट काळा

रात्री नाशिकहून मुंबईकडे निघालेली गाडी कसारा घाट उतरू लागली की चालकाच्या डोळ्यांना दोन उजेडांचा मेळ घालावा लागतो. एक रस्त्यावर पडलेला हेडलाइटचा, दुसरा स्टिअरिंगमागच्या मीटरचा. हेडलाइटवर लोक तासन्‌तास बोलतात. मीटरचा रंग मात्र हौसेने ठरतो आणि सध्या हौस निळ्याची आहे.

ही हौस तशी नवी. भरपूर उजेड देणारी निळी एलईडी १९९०च्या दशकात बाजारात आली. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही एलईडी येईपर्यंत मीटरमागे १२ व्होल्टचे चिमुकले तारेचे बल्ब असत, काहींवर हिरवी-निळी रबरी टोपी. तारेच्या उजेडात लाल-पिवळाच जास्त, त्यामुळे टोपीतून निळा झिरपे तो मंदच. एलईडीने ती मर्यादा उठवली आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

अंधारात आपण मुख्यतः डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशींनी पाहतो. त्यांतलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं आणि शोषताना विघटित होतं. ते पुन्हा पुरतं भरून यायला अर्धा तास तरी लागतो. ६२० नॅनोमीटरच्या पुढचा लाल त्याला फारसा धक्का लावत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कॉकपिटमध्ये लाल दिवे होते. पण लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघाच दिसेनात, मग वैमानिक मंद पांढऱ्याकडे वळले. चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचे लाल आकडे वाचायला डोळ्यांना जास्त ताणही द्यावा लागतो. लाल म्हणजे रामबाण, असं समजू नये.

निळ्याचा दोष वेगळा. भिंगातून जाताना तो जास्त वाकतो आणि पडद्याच्या अलीकडेच एकवटतो; त्यामुळे निळे आकडे धूसर होऊ शकतात, त्यांच्याभोवती वलय दिसतं. उतारवयात भिंगातच प्रकाश जास्त विखुरतो, तेव्हा हा त्रास वाढतो.

आता वायरिंगवाल्याच्या टेबलावर. मीटर खोलून बल्ब बदलला की रंग बदलला, इतकं ते सरळ नाही. रंग तीन ठिकाणी दडलेला असतो: दिव्यात, टोपीत आणि डायलमागच्या छापील थरात. हा थर प्रकाश अडवतो, नवा रंग तयार करत नाही. निळ्या एलईडीत लाल जवळजवळ नसतोच, त्यामुळे लाल काटा काळपट पडतो आणि वेग शोधावा लागतो. नव्या गाड्यांत एलईडी थेट सर्किटवर डाग देऊन बसवलेल्या असतात. तिथे सोल्डरिंगचा हात कच्चा असेल तर अख्खा मीटर जातो. जुन्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या इशारा-दिव्यातून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला जागं करतो. त्या जागी एलईडी घातली तर प्रवाह अपुरा पडून चार्जिंग सुरू होत नाही, असंही घडतं. इशाऱ्याचे दिवे, म्हणजे ऑइलचा लाल, इंजिनचा पिवळा, अप्परचा निळा, यांना तर हात लावूच नये. ते रंग सजावटीचे नाहीत.

आणि डिमर! जुना डिमर तारेच्या बल्बला मंद करतो, एलईडीवर त्याचा अंमल फारसा चालत नाही. मग मीटर कायम भकभकीत राहतो. माझ्या मते रंगाच्या वादापेक्षा हीच गोष्ट मोठी आहे: मंद हिरवा मीटर भडक लाल मीटरपेक्षा केव्हाही बरा.

रंग बदलायचाच असेल तर दुकानातून गाडी ताब्यात घेण्याआधी अंधारात उभी करून डिमर फिरवून पाहा. उजेड उतरत नसेल तर जुने बल्ब परत बसवून घ्या.