भिंतीचा हिशेब

फ्लॅटच्या जाहिरातीत टाइल्स, नळ, मॉड्युलर किचन या सगळ्याचं वर्णन असतं. बाहेरची भिंत कशाची, हे क्वचितच लिहिलेलं असतं. नळ पुढे कधीही बदलता येतो, भिंत मात्र जन्माची. गिलावा केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीशी तुलना केली, तर मायवान पद्धतीच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) १५० मिलिमीटर काँक्रीट भिंतीतून साधारण दीडपट ते दुप्पट उष्णता आत येते. २०० मिलिमीटरच्या सिपोरेक्स या हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकमधून निम्म्याहूनही कमी. तरीही ब्लॉक पाहून घर पसंत करणं घाईचं ठरेल. त्याच भिंतीत पश्चिमेला मोठी, छज्जा नसलेली खिडकी असली, तर साधी काच उन्हाची जवळजवळ ८० टक्के उष्णता आत सोडते आणि ब्लॉकची कमाई तिथेच बुडते. म्हणूनच निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’ या सरकारी नियमावलीने भिंत आणि खिडक्यांचा हिशेब एकत्र मांडला: आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटच्या पुढे जाऊ नये.

हवामानाचाही विचार हवा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जाड, जड भिंत दिवसाचा ताप स्वतःत मुरवते. रात्री खिडक्या उघडल्या की तो निघून जातो. रत्नागिरीत रात्रही फारशी गार होत नाही, त्यामुळे तीच भिंत झोपेच्या वेळी ऊब सोडत राहते. तिथे सावली आणि वाऱ्याला वाट यांचं मोल अधिक. कोकणच्या पावसात तर सांधेही तपासावे लागतात. काँक्रीटचा खांब आणि ब्लॉक जिथे भेटतात, तिथे गिलाव्याखाली चिकनमेश (तारेची जाळी) मारली नाही, तर चीर पडते आणि ओल शिरते.

काँक्रीटच्या भिंती भराभर उभ्या राहतात, मजबूत असतात, हे बिल्डरचं म्हणणं खोटं नाही. पण मग छज्जे खोल हवेत, बाहेरचा रंग फिका हवा. ‘एसी आहे की!’ या उत्तरात मात्र एक गोम आहे: भिंतीत वाचवलेले पैसे बिल्डरचे, विजेचं बिल राहणाऱ्याचं. तेव्हा बुकिंगआधी भिंतीची जाडी, पश्चिमेच्या खिडकीवरची सावली आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर घर असेल तर स्लॅबवरचा उष्णतारोधक थर, एवढं तरी विचारावंच.