मांजरासोबत रेल्वेप्रवास

ईदला गावी निघताना घरातल्या मांजराचे काय करायचे? मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. म्हणून दाराला नुसते कुलूप लावून जाऊ नये.

स्लीपर किंवा थ्री-एसीत मांजर नेता येत नाही. फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे आपल्या नावे लागतो आणि पार्सल ऑफिसात पावती करावी लागते. तो खर्च झेपत नसेल तर भरवशाच्या शेजाऱ्याकडे सोपवावे.

सोबत नेताना पिंजऱ्याची सवय आधीच लावावी. निघण्यापूर्वी तीन-चार तास खाणे टाळावे, पाणी मात्र देत राहावे. स्टेशनवर पिंजरा उघडू नये. बिथरलेले मांजर रुळांकडे पळते. मुका जीव आपल्याकडे अमानत आहे.