चेंडूमागचा हिशेब (भाग ६) : दिग्गजांच्या हाती नारळ

अमेरिकेच्या एनएफएल या फुटबॉल लीगमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, कशी ठरते ते गेल्या आठवड्यात पाहिलं. १९९४ साली ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५मध्ये २७ कोटी ९२ लाखांवर पोचली. मर्यादा एवढी वाढूनही दर मार्चमध्ये नावाजलेल्या खेळाडूंना नारळ मिळतोच. तो का मिळतो, हे समजायला डीमार्कस वेअरचा करार उलगडून बघू.

क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला आडवा करायचं, हे वेअरचं काम. याला 'सॅक' म्हणतात. डॅलस काउबॉइजकडून नऊ हंगामांत त्याने ११७ सॅक केले. शेवटच्या हंगामात दुखापतींनी छळलं आणि सॅक सहावर आले. वय ३१. तरी खरा अडसर होता तो २०१४च्या हिशेबात त्याच्या नावापुढे लागलेला आकडा : १ कोटी ६० लाख डॉलर.

एवढा आकडा त्याच्या पगाराचा नव्हता. पगार सव्वा कोटीच्या आत होता. वरची रक्कम जुन्या बोनसची होती. बोनस खेळाडूला रोख मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, सारखा वाटला जातो. त्यामुळे संघाला आज जागा मिळते आणि ओझं पुढच्या वर्षांवर पडतं. खेळाडूला मधेच सोडलं तर राहिलेले सगळे हप्ते एकदम अंगावर येतात. हाच तो 'डेड मनी'. वेअरच्या बाबतीत तो सुमारे ८६ लाख होता. म्हणजे त्याला काढून डॅलसची सुटका झाली ती जेमतेम ७४ लाखांची, आणि तेवढ्यासाठी मार्च २०१४मध्ये त्याला मुक्त केलं गेलं. (१ जूननंतरची सुटका दाखवून हा बोजा दोन वर्षांत विभागता येतो, पण तो तपशील इथे नको.)

कात्री दिग्गजांवरच का चालते? ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या निवडप्रक्रियेतून, आलेल्या पोरांचे पहिल्या चार वर्षांचे पगार ठरावीक आणि कमी असतात. त्यांना काढून फारसं काही वाचत नाही. उलट दिग्गजांच्या करारात शेवटच्या वर्षांचे पगार फुगलेले असतात आणि बहुतेकदा त्या वर्षांची हमी नसते.

मी कॅपच्या बाजूचा आहे. जेमतेम लाखभर वस्तीचं ग्रीन बे न्यूयॉर्कच्या संघांशी बरोबरीने झुंजतं, त्यात कॅपचा मोठा वाटा आहे. पण या समानतेची किंमत ज्यांनी संघासाठी सर्वाधिक शरीर झिजवलं त्यांच्याकडूनच वसूल व्हावी, हे मला मुळीच पटत नाही. बिनहमीच्या वर्षांचे आकडे जाहीर करून करार 'अमुक कोटींचा' म्हणून मिरवणं तर थांबायलाच हवं.

वेअरला डेन्व्हरने लगेच तीन वर्षांसाठी ३ कोटींना घेतलं. फेब्रुवारी २०१६मध्ये डेन्व्हरने सुपर बोल जिंकला, त्या सामन्यात वेअरचे दोन सॅक होते. त्या संघाचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग, त्यालाही २०१२मध्ये इंडियानापोलिसने सोडलेलं.

याच डेन्व्हरने २०२४मध्ये रसेल विल्सनला काढलं, तेव्हा डेड मनी साडेआठ कोटींचा झाला. विल्सनच्या २०२४च्या पगाराला हमी होती. पिट्सबर्गने त्याला किमान वेतनावर, १२ लाख १० हजार डॉलरला घेतलं आणि उरलेले कोट्यवधी डेन्व्हरलाच मोजावे लागले. ही हमी कोणाला मिळते आणि कोणाला नाही, ते पुढच्या आठवड्यात.