घारापुरी बेट : पाहुणे येतात, पैसा कुठे राहतो?

सख्यांनो, सहलीचा विषय निघाला की बैठकीत घारापुरीचं नाव हमखास येतं. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने साधारण तासाभरात पोहोचता येतं. पण लेणी बघून परत येणाऱ्या बऱ्याच जणींना माहीत नसतं, की त्या बेटावर आपल्यासारखीच गावं आहेत, आणि तिथल्या अनेक बायकांचं घर पर्यटकांवर चालतं. म्हणून हे बेट कसं जगतं ते समजून घेऊ. आपल्या धंद्यालाही त्यातून शिकण्यासारखं आहे.

बेट आणि तिथली माणसं

घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तिथली तीन गावं. बेटाची स्वतःची ग्रामपंचायत आहे. पोर्तुगीजांना इथे दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी 'एलिफंटा' हे नाव पाडलं. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. डोंगर कोरून केलेली शंकराची लेणी आणि तीन मुखांची भव्य मूर्ती बघायला जगभरातून लोक येतात. १९८७ मध्ये युनेस्कोने ही लेणी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.

एवढं नाव असूनही बेटावर कायमची वीज यायला २०१८ साल उजाडलं. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून ती आणली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. वीज आली तशी पोरांच्या अभ्यासाची सोय झाली, आणि फ्रिज चालायला लागल्याने थंड पाणी-सरबत विकणंही सोपं झालं.

सगळं बोटीवर अवलंबून

बेटावर जगायचं म्हणजे बोटीच्या वेळेवर जगायचं. तेल, साखर, गॅस, औषध, सगळं बोटीनेच येतं, म्हणून प्रत्येक वस्तूवर वाहतुकीचा खर्च चढतो. रात्री कुणी आजारी पडलं किंवा बाळंतपणाची वेळ आली, तरी पाणी ओलांडल्याशिवाय मोठा दवाखाना नाही. पावसाचं साठवलेलं पाणी उन्हाळ्यात जपून वापरावं लागतं.

कमाईचंही तसंच. सकाळी बोटी लागल्या की धंदा सुरू, संध्याकाळी शेवटची बोट गेली की बंद. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस रिकामा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबतात. म्हणजे हंगामात कमावलेलं पावसाळ्यात पुरवून खायचं. अशा ठिकाणी गटाची बचत किती कामाची, हे वेगळं सांगायला नको.

वीस रुपयांतले किती आपले?

धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, शोभेच्या वस्तूंची दुकानं. बायका कैरी, काकडी, बोरं विकायला बसतात. आता एक हिशोब करू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत.

समजा, एका ताईने पाण्याच्या १२ बाटल्या १४४ रुपयांना आणल्या. वाहतूक २४ रुपये. प्रत्येकी २० रुपयांनी विकल्या तर आले २४०. हातात उरले ७२.

दुसरीने १२ ग्लास लिंबू सरबत विकलं, तेही २० रुपयांनी. लिंबू, साखर, बर्फ आणि वाहतूक मिळून ९० रुपये. हातात उरले १५०.

विक्री सारखीच, पण उरलेला पैसा दुप्पट. कारण सरबत करण्याचं काम तिने स्वतः केलं. अर्थात त्यात तिचे कष्ट आहेत, त्यांची मजुरीही हिशोबात धरायला हवी. तरी गोष्ट एकच : बाहेरून आणून विकलेल्या मालाचा बराच पैसा परत बोटीने बाहेर जातो. आपल्या हातून बनलेल्या वस्तूचा पैसा गावात राहतो. देवस्थान, किल्ला, धरण किंवा समुद्रकिनारा जवळ असलेल्या प्रत्येक गावाला हा हिशोब लागू आहे.

लेणी नसली तरी चालतं. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. झाडं, पक्षी, खेकडे यांची माहिती त्याच सांगतात. कांदळवन तिथलंच आणि ज्ञानही घरचंच, म्हणून कमाईही त्यांच्याच हातात.

आपण पाहुण्या म्हणून गेलो तर

- सोमवार सोडून जा. सकाळची बोट पकडा आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधीच विचारून ठेवा.
- बोटीत लाईफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून जास्त माणसं गेली. "एवढ्याशा वाटेला काय होतंय" असं म्हणू नका. बोट गच्च भरली असेल तर पुढच्या बोटीची वाट बघा.
- डबा घरून नेण्यापेक्षा एक वेळ तिथल्या ताईंकडे जेवा. घासाघीस करताना तिच्या वाहतुकीचा खर्च आठवा.
- माकडं खाऊ हिसकावतात. पिशवी बंद ठेवा, त्यांना खायला घालू नका.
- प्लास्टिक, रिकाम्या बाटल्या परत घेऊन या. बेटावरचा कचरा हलवायलाही बोटच लागते.
- कुणाचा फोटो काढण्याआधी विचारा.

पुढच्या बैठकीसाठी

आपल्या गावात बाहेरून माणसं कधी आणि कशासाठी येतात? ती काय विकत घेतात? त्यातलं काय आपण स्वतः बनवू शकतो? प्रत्येकीने एकेका वस्तूचा वरच्यासारखा हिशोब मांडून आणा. बेरीज-वजाबाकी सगळ्यांसमोर करा, आणि मगच धंद्यासाठी कर्जाची मागणी लिहा.