जुन्या तंबूस हलके छत
आमच्या भ्रमंतीच्या जुन्या तंबूचे ओझे तीर्थरूपांच्या पाठीस झेपेना, आणि तो टाकून देणेही त्यांच्या मनास येईना. आतली जाळी व कमानी शाबूत होत्या. बाहेरील जड आच्छादनाचा पॉलियुरेथेनचा लेप मात्र दमटपणाने विरून चिकट झाला होता. सह्याद्रीतील उन्हाळी भटकंतीसाठी आम्ही सिलिकॉनचा लेप दिलेले तलम नायलॉन आणले. वजन चौरस मीटरास सुमारे ४५ ग्रॅम! तंबू उभारूनच माप घेतले. शिवणींस सिलिकॉनच फासले. त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही. ओले नायलॉन सैलावते, म्हणून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. बाजू आखूड करण्याचा मोह मात्र वाचकांनी आवरावा; वळीव वाऱ्यासवे तिरपा येतो. ओझे कमी करावे, आसरा नव्हे.