पिच करण्याआधी हे शब्द समजून घ्या!

कट्ट्यावर स्टार्टअपचा विषय निघाला की ‘फंडिंग’, ‘व्हॅल्युएशन’ हे शब्द हमखास येतात. पण उद्या गुंतवणूकदारानं खरंच कागद पुढे केला, तर त्यातलं किती कळेल? न समजता सही केली, तर आपलीच कंपनी हातची जाऊ शकते. म्हणून ही छोटी उजळणी.

पेन पॉइंट : ग्राहकाचं खरं दुखणं. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. असं दुखणं आधी शोधा, ॲपचं नाव नंतर!

प्रोटोटाइप : कल्पनेचं पहिलं चालतं रूप. फवारणीचा पंप पाठीवर घ्यावा लागू नये म्हणून मालेगाव तालुक्यातल्या कमलेश घुमरे यांनी सायकलसारखी गाडी बनवली आणि ‘शार्क टँक इंडिया’च्या पहिल्याच सीझनमध्ये ‘जुगाडू कमलेश’ घराघरांत पोहोचले.

इक्विटी : कंपनीतला हिस्सा. कमलेश यांनी १० टक्के हिश्श्यासाठी ३० लाख मागितले.

व्हॅल्युएशन : कंपनीची ठरलेली किंमत. १० टक्क्यांचे ३० लाख, म्हणजे अख्खी कंपनी ३ कोटींची. पीयूष बन्सल यांनी ऑफर दिली ती ४० टक्क्यांसाठी १० लाखांची. आता करा हिशोब : किंमत आली २५ लाखांवर!

डेट : कर्ज. बन्सल यांनी बाकीचे २० लाख बिनव्याजी कर्ज म्हणून देऊ केले. कर्ज फेडलं की संपतं. दिलेला हिस्सा सहसा परत येत नाही.

डायल्यूशन : नव्या गुंतवणुकीमुळे जुन्यांचा हिस्सा आटणं. समजा, तुमच्याकडे ६० टक्के उरलेत आणि पुढच्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराला २० टक्के दिले. सगळ्यांचा हिस्सा त्याच प्रमाणात घटला, तर तुमचे राहतात ४८. म्हणजे निम्म्याहून कमी!

बर्न रेट आणि रनवे : महिन्याला खिशातून जाणारा निव्वळ पैसा म्हणजे बर्न रेट; उरलेली रक्कम किती महिने पुरेल, तो रनवे. खात्यात १ लाख २० हजार आणि महिन्याला २० हजार जात असतील, तर हातात फक्त ६ महिने.

तेव्हा पिचला जाण्याआधी वहीत तीन आकडे लिहून ठेवा : किती पैसे हवेत, किती हिस्सा देणार आणि किती महिने तग धरणार. हे तिन्ही पक्के असतील, तर ‘नाही’ म्हणायलाही बळ येतं!